नवऱ्याला पेडलच्या कयाकवर आणताना : सहा महिन्यांच्या नोंदी

३० ऑगस्ट २०२३, बुधवार

आज नारळी पौर्णिमा. मालवणला माहेरी असते तर संध्याकाळी बंदरावर गेले असते. येथे सिडनीच्या पश्चिमेला, वेंटवर्थव्हिलमधील घराच्या अंगणात, माझ्या कयाकच्या, म्हणजे अरुंद लहान होडीच्या, नाळेला (पुढच्या टोकाला) हळदकुंकू वाहून नारळ वाढवला. नवऱ्याने खोबऱ्याचा तुकडा खाल्ला आणि तो सायकलच्या साखळीला तेल घालायला निघून गेला. गेली दोन वर्षे आमचे असेच चालले आहे. शनिवारी पहाटे मी कयाक घेऊन एका दिशेला जाते, तो सायकल घेऊन दुसऱ्या दिशेला जातो, आणि आठवड्यातील जो एक दिवस दोघांचा असायला हवा त्या दिवशी आम्ही एकमेकांना दिवेलागणीलाच दिसतो. शिवाय पाण्यावर एकटीने जाणे मला अलीकडे बरे वाटत नाही.

मी कर्लीच्या खाडीत आजोबांबरोबर गरवत, म्हणजे गळाने मासे पकडत, मोठी झाले. नवरा सांगलीकडचा, विहिरीतही कधी न उतरलेला. पोहता येत नाही, आणि काट्यांच्या भीतीने मासे खात नाही. मात्र एका बैठकीत साठ किलोमीटर सायकल चालवतो. पेडलच्या कयाकमध्ये होडी पायांनी चालते आणि दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात, म्हणून हे पाय तरी आपल्या उपयोगाचे आहेत, एवढाच माझा हिशेब आहे. ज्यांना घरातील अशाच नाखूश माणसाला पाण्यावर न्यायचे आहे त्यांच्या उपयोगासाठी खर्च, चुका आणि वाया गेलेला वेळ येथे लिहून ठेवणार आहे.

९ सप्टेंबर, शनिवार

दोघांनी बसायची जुनी पेडल कयाक २,२०० डॉलरला घेतली. दोघांना एकाच होडीत बसवले की त्याला भीती वाटणार नाही आणि मला त्याच्याकडे लक्ष देता येईल, असा माझा विचार होता. नवऱ्याला मी विचारले नाही. घेऊन आल्यावर सांगितले. ही या कामातील सर्वांत महागडी चूक ठरली, हे नोंदी वाचणाऱ्यांनी आताच लक्षात ठेवावे.

त्याच्यासाठी साधे फोमचे लाइफजॅकेट ७० डॉलरला घेतले. मासेमारीचे वर्षाचे शुल्क आमच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ३५ डॉलर आहे; तेही त्याच्या नावाने भरून टाकले. तीन दिवसांचे शुल्क ७ डॉलर असते. आधी तेवढेच भरायला हवे होते.

७ ऑक्टोबर, शनिवार

पहिली फेरी. जागा सिडनीतील नॅराबीनचे खारे तळे. पाणी उथळ आणि शांत, भोवती सुमारे साडेआठ किलोमीटरची पायवाट, त्यामुळे कोठेही उतरून चालत परत येता येते. नवशिक्यासाठी जागा योग्य होती. बाकी जवळजवळ सगळे चुकले.

साडेसहाला पाण्यात उतरलो. वारा नव्हता, म्हणून मी पश्चिमेच्या टोकापर्यंत नेले. दहानंतर ईशान्येचा समुद्रवारा सुटला. सिडनीत उन्हाळ्याच्या तोंडावर तो असाच सुटतो आणि हे मला पुरेपूर ठाऊक होते. पण दोन ब्रीम मासे लागोपाठ लागल्यामुळे मी "अजून दहा मिनिटे" असे चार वेळा म्हटले. परतीचा सगळा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर पार करावा लागला. तो पुढच्या आसनावर होता, त्यामुळे अंगावर येणारे सगळे पाणी त्याने झेलले. सुकाणू माझ्या हातात, गळ माझा, कोठे थांबायचे ते मी सांगायची. त्याच्या वाट्याला फक्त पेडल मारणे होते. साडेअकराला काठाला लागलो, म्हणजे पूर्ण पाच तास. त्यानंतर पन्नास किलोपेक्षा जड कयाक दोघांनी गाडीच्या टपावर चढवली आणि घरी येऊन ती धुण्यात आणखी एक तास गेला.

रात्री जेवताना तो म्हणाला, "तू जात जा. मला यात रस नाही." आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला अधिक वाईट वाटले.

८ ऑक्टोबर, रविवार

रस नाही म्हणजे नेमके काय नाही, हे मी आज वही घेऊन विचारले. पटवून देण्याचा प्रयत्न करणार नाही आणि मध्ये बोलणार नाही, असे आधीच कबूल केले. त्याने सांगितले ते असे : कंबर दुखली, कारण लाइफजॅकेटची पाठीमागची जाड पट्टी आसनाच्या पाठीला टेकून त्याला पुढे ढकलत होती. पाण्यावरील चकाकीने डोळे दुखले. गुडघे दुखले. पाच तास लघवीची सोय नव्हती. होडी उलटली तर काय करायचे ते त्याला कोणीही दाखवले नव्हते. टपावर चढवण्यात पाठीत चमक भरली. आणि शेवटी, बराच वेळ थांबून, "परत कधी फिरायचे ते माझ्या हातात नव्हते."

यात माशांचा किंवा गळाचा उल्लेख एकदाही नाही. मी दोन वर्षे त्याला माशांविषयी सांगत होते.

गुडघ्याचे कारण त्याने स्वतःच शोधले. अंगणात कोरड्या कयाकमध्ये बसून त्याने दाखवले की पाय पूर्ण पुढे गेल्यावर गुडघा ताठ होतो. सायकलची बैठक फार उंच ठेवली तर जे होते तेच हे. पेडलची खाच दोन घरे जवळ घेतली. मी ती माझ्या उंचीवर लावलेली नव्हती आणि त्याच्याही नाही. विकणाऱ्याने जशी दिली तशीच होती.

२१ ऑक्टोबर, शनिवार

दोन वस्तू बदलल्या. कयाकवर मासेमारीसाठीच केलेले लाइफजॅकेट १६५ डॉलरला घेतले. त्यात पाठीचा फोम खांद्यांजवळ वर असतो आणि खाली नुसती जाळी असते, त्यामुळे उंच पाठीच्या आसनावर सरळ बसता येते. दोरी ओढून फुगणारे स्वस्त मिळत होते, पण पोहता न येणाऱ्या माणसाला आपोआप तरंगवणारा फोमच हवा, यावर आमचे एकमत झाले. दुसरी वस्तू म्हणजे त्याच्या नंबरच्या चष्म्यावर अडकवायच्या, पाण्यावरची चकाकी कापणाऱ्या ध्रुवीकृत काचा, ४५ डॉलर.

या काचांविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. आज आम्ही नॅराबीनच्या उथळ भागात फक्त पाऊण तास गेलो आणि गळ घरी ठेवला. पाणी गुडघाभर होते. दहा मिनिटे तो काहीच बोलला नाही. नंतर त्याने पेडल थांबवले आणि तळाकडे बोट दाखवून विचारले की वाळूत हे ताटाएवढे खळगे कसले आहेत. ते पाकट माशांनी अन्न शोधताना केलेले खळगे होते. मग त्याला समुद्रगवताच्या कडेने सरकणारी बोय माशांची रांग दिसली. मग एक पाकट प्रत्यक्ष दिसली. मी दोन वर्षे अशा काचा घालते आणि पाण्याखालचे मला दिसते, म्हणून त्यालाही तेच दिसत असेल असे मी धरून चालले होते. सात तारखेला त्याने पाच तास केवळ चकाकणारा पत्रा पाहिला होता. कंटाळा आला नसता तरच नवल.

सगळ्या खर्चांत हे ४५ डॉलर सर्वांत चांगले लागले असे माझे मत आहे. या मतात नंतरही फरक पडलेला नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

सार्वजनिक तलावावर प्रौढांचे पोहण्याचे आठ वर्ग लावले. प्रत्येकी २२ डॉलर, एकूण १७६. चार झाले आहेत. त्याला अजून पोहता येत नाही, पण पाठीवर तरंगता येते आणि तोंडात पाणी गेल्यावर तो घाबरत नाही.

आज नॅराबीनला कमरेएवढ्या पाण्यात आम्ही कयाक मुद्दाम उलटी केली. आधी मी पडले, मग तो. पालथी होडी सरळ करायची, बाजूने पोट टेकवून पाय मागे झाडायचे, अंग आडवे वर ओढायचे, मग वळून आसनावर बसायचे. पहिल्या तीन प्रयत्नांत त्याने हातांनी स्वतःला वर उचलायला पाहिले आणि होडी त्याच्याच अंगावर आली. चौथ्या वेळी पाय झाडले तेव्हा जमले. नंतर त्याने न सांगता आणखी पाच वेळा केले, शेवटी पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात. हे काम सप्टेंबरमध्ये पहिल्या दिवशी करायचे होते. पाणी थंड असते म्हणून मी पुढे ढकलले होते; तेवढ्याने महिनाभर त्याची भीती लांबली.

एक नियमही ठरवला. दोघांपैकी कोणीही "परत" म्हटले की दुसऱ्याने त्याच क्षणी नाळ वळवायची, कारण विचारायचे नाही, गळाची आणखी एक फेक मारायची नाही. आज त्याने चाळीस मिनिटांनी "परत" म्हटले. भरती येत होती आणि मासे हलायला लागले होते. मी वळले.

१८ नोव्हेंबर, शनिवार

दोघांची कयाक १,७५० डॉलरला विकली, म्हणजे ४५० चे नुकसान. त्याऐवजी त्याने स्वतः पाहून, चालवून, एकट्याची जुनी कयाक १,९०० डॉलरला घेतली.

येथे यंत्राविषयी थोडे लिहिते, कारण निवड करताना आमचा बराच वेळ गेला. माझी कयाक पंखांची आहे : पेडल पुढेमागे ढकलले की तळाखालचे दोन पंख पेंग्विनच्या पंखांसारखे आडवे झाडले जातात. होबी कंपनीने ही रचना १९९७ मध्ये आणली. उथळ पाणी आले की एक पेडल पूर्ण पुढे दाबायचे, पंख तळाला चिकटून सपाट होतात आणि कयाक वाळूवरून सरकते. पण माझ्या जुन्या यंत्राला उलटे जाता येत नाही. त्याने घेतलेली पंख्याची (प्रोपेलरची) आहे : पेडल सायकलसारखे गोल फिरते आणि उलटे फिरवले की होडी लगेच मागे येते. तोटा असा की पंख्याला खाली हातभर पाणी लागते आणि समुद्रगवत त्यात गुंडाळले जाते. मी पंखांची घे म्हणून आग्रह करत होते. त्याने दोन्ही चालवून पाहिल्या आणि म्हणाला, "माझ्या पायांना गोल फिरायची सवय आहे." तेथे वाद संपला.

टपावर चढवणे बंद केले. जुना छोटा ट्रेलर ६५० डॉलरला आणि कयाकखाली लावायची चाके १२० ला. यामुळे घरून निघण्यापासून पाण्यात उतरेपर्यंतच्या कामातला अर्धा तास वाचतो, आणि मुख्य म्हणजे त्याची पाठ वाचते.

२५ नोव्हेंबर, शनिवार

पॅरामाटा नदी, किसिंग पॉइंट. घराजवळची जागा. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेकडील मासे डायॉक्सिन या विषारी रसायनामुळे खाऊ नयेत अशी सरकारी सूचना आहे, आणि बंदरातील व्यावसायिक मासेमारी २००६ पासून बंद आहे. त्यामुळे येथे पकडायचे ते सोडण्यासाठीच. सरावाला हे बरे, कारण डबा भरण्याची घाई माझ्याही मनात नसते.

फेरी बोट गेल्यावर मागून येणारी लाट मी त्याला सांगायला विसरले. ती बाजूने आली आणि त्याची कयाक चांगलीच हेलकावली. त्याने उलटे पेडल मारून नाळ लाटेकडे वळवली, आपसूक. माझ्या कयाकला ते जमले नसते. आज एक तास पन्नास मिनिटांनी "परत" मी म्हटले, कारण मला डबा खायचा होता. तो वळला, पण त्याला आणखी थांबायचे होते हे दिसत होते.

९ डिसेंबर, शनिवार

आतापर्यंत त्याला गळ फेकायला शिकवण्यात मी तीन सकाळी घालवल्या होत्या. दोर दर दहाव्या फेकीला गुंतायचा, आणि तो सोडवताना होडी वाहत जायची. आज फेकणे सोडून दिले. खोल पोहणारे माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष मागे वीस-पंचवीस मीटर सोडले, काठी होल्डरमध्ये खोचली आणि त्याला सांगितले की समुद्रगवताच्या कडेने, चालण्याच्या वेगापेक्षा किंचित हळू, एकसारखे पेडल मारत राहा. सायकलस्वाराला एकसारखा वेग राखणे शिकवावे लागत नाही. घड्याळावर पाहून त्याने ताशी तीन किलोमीटर धरले आणि ते सुटू दिले नाही.

पाऊण तासाने काठी वाकली. ४१ सेंटीमीटरचा डस्की फ्लॅटहेड. त्याला कोणी काही सांगायच्या आधीच त्याने पेडल मारणे चालू ठेवून दोर ताणलेला ठेवला. या माशाला ३६ ते ७० सेंटीमीटरमध्येच ठेवायची परवानगी आहे. मोठ्या माद्या असतात, म्हणून वरची मर्यादा. आम्ही मोजून सोडला. गालांवरचे काटे लागू नयेत म्हणून तो ओल्या फडक्यात धरायचा, हे मी दाखवले.

परतताना त्याने विचारले की आमिष किती खोल जात असेल, ताशी साडेतीन केले तर आणखी खाली जाईल का, आणि गवताच्या कडेऐवजी उताराच्या कडेने गेलो तर. गळाविषयी त्याने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न आहे. मी त्याला फेकायला शिकवत राहिले असते तर तो प्रश्न आलाच नसता. त्याच्या पायांनी मासा लागला, म्हणून आला.

३० डिसेंबर, शनिवार

वाईट दिवस. नॅराबीनला गवताजवळ कोळंबीचे आमिष लावून थांबलो होतो. त्याला बोटाएवढा, तपकिरी ठिपक्यांचा मासा लागला आणि त्याने तो उघड्या हाताने काढायला घेतला. फॉर्टेस्क्यू. पाठीच्या काट्यांत विष असते. दंश होताच त्याचा चेहरा पांढरा पडला.

मी चहासाठी थर्मासमध्ये गरम पाणी नेते. काठावर येऊन ते डब्यात ओतले, सोसेल एवढेच गरम आहे ना हे आधी त्याच्या चांगल्या हाताने पाहिले आणि बोट त्यात बुडवून ठेवले. या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो. पाणी निवल्यावर शेजारच्या उपाहारगृहातून आणखी मागून घेतले. तासाभराने वेदना सोसण्याजोगी झाली. त्याच दिवशी पंख्यात गवत अडकले आणि ते कापायला सुरी नव्हती.

चूक माझी. हा मासा मला ओळखता येतो आणि त्याला येत नाही, हे मला माहीत होते. घरी आल्यावर लांब पकड, जाड हातमोजा आणि दोरीला बांधलेली छोटी सुरी त्याच्या कयाकच्या खणात ठेवली. नियम : ओळख पटली नाही तर हात लावायचा नाही, पकडीने गळ सोडवायचा. तो पुन्हा येईल की नाही याची मला आज खात्री नाही, आणि मी विचारलेले नाही.

१३ जानेवारी २०२४, शनिवार

तो आला. मी विचारल्यावर त्याने हातमोजा दाखवला.

परवा मार्गशीर्ष संपला, घरात मासे शिजवायला मोकळीक झाली. अमावास्येनंतरचे उधाण, सकाळी मोठी भरती. म्हणून नॅराबीन सोडून सिडनीच्या दक्षिणेकडील पोर्ट हॅकिंगच्या खाडीला गेलो. बॉनी व्हेलवरून उतरलो. रॉयल नॅशनल पार्कमध्ये गाडीला दिवसाचे १२ डॉलर पडतात. समोर मायनबारची वाळू आहे. ओहोटीला ती उघडी पडते आणि भरतीचे पाणी चढू लागले की व्हायटिंग मासे त्या पाण्याबरोबर वाळूवर येतात.

व्हायटिंग म्हणजे आमची मुडदुशी. मुंबईकडे हिलाच रेणवी म्हणतात. जात वेगळी असली तरी वंश तोच, सिलागो. सिडनीत आल्यावर पहिल्यांदा मासळीबाजारात तो लांबट, रुपेरी, टोकदार तोंडाचा मासा पाहिला तेव्हा मी बराच वेळ तेथेच उभी राहिले होते. आजोबा तो देवबागच्या वाळूत किड्यांच्या आमिषाने गरवत.

येथे उन्हाळ्यात तो पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या कृत्रिम आमिषामागेही धावतो. अट एकच : आमिष थांबवायचे नाही. ब्रीमसाठी थांबत थांबत ओढतात. व्हायटिंग मागे लागलेला असताना थांबलात तर तो तोंड फिरवून जातो. मला ही थांबण्याची सवय मोडता येत नाही. नवऱ्याला मात्र थांबणे शिकवलेलेच नव्हते. छोट्या फेकी तो आता गुंता न होता करतो, आणि एकसारखे ओढतो, पेडल मारतो तसेच. ध्रुवीकृत काचांतून त्याला आमिषामागे उठणाऱ्या रेघा दिसत होत्या आणि तो मला मोजून सांगत होता, "तीन आहेत मागे... चार." २७ सेंटीमीटरची किमान मर्यादा आहे. त्याला पाच लागले, त्यातले तीन मापाचे. मला एक.

संध्याकाळी कोकमाचे आगळ, मीठ आणि मालवणी मसाला लावून रव्यात घोळवून तळले. मधला काटा मी काढून दिला. त्याने दीड मासा खाल्ला. बाकीचा मी खाल्ला. आईला फोनवर दाखवला तर तिने विचारले, "कोणी गरवलं?"

१० फेब्रुवारी, शनिवार

जाणे झाले नाही; दक्षिणेचा वारा. त्याने सकाळी उठून स्वतः हवामान पाहिले आणि मला उठवले नाही. मला राग आला, कारण नॅराबीनच्या आडोशाला जाता आले असते. पण नियम दोघांना लागू आहे, आणि "परत" काठावरूनही म्हणता येते हे मान्य करावे लागले.

२ मार्च, शनिवार

सहा महिन्यांचा हिशेब : दोघांच्या कयाकचे नुकसान ४५०, त्याची कयाक १,९००, लाइफजॅकेट ७० आणि १६५, काचा ४५, पोहण्याचे वर्ग १७६, ट्रेलर ६५०, चाके १२०, शुल्क ३५, एकूण ३,६११ डॉलर. टाळता आले असते असे ५२०. वाया गेलेला वेळ सुमारे आठ आठवडे, बहुतेक सगळा माझ्या गृहीतकांमुळे.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. पहाटे पाचला निघणे त्याला आवडत नाही. मी आधी जाते आणि तो आठला सायकलवर येतो, त्याची कयाक मी ट्रेलरवर नेलेली असते. मासा मारणे तो अजून माझ्यावर सोपवतो. लघवीची अडचण दीड तासाने काठाला लागून सोडवतो, दुसरा चांगला उपाय सापडला नाही.

नोंदी संपवण्याआधी त्याला वाचायला दिल्या. त्याने खाली पेन्सिलने लिहिले ते जसेच्या तसे उतरवते :

"उद्यानाचे प्रवेशशुल्क तीन वेळा भरले, ३६ डॉलर धरलेले नाहीत. एकूण ३,६४७. नऊ डिसेंबरला वेग ताशी २.८ होता, तीन नव्हता. पंख्याच्या दांड्याला दर चौथ्या फेरीनंतर ग्रीस लावावे. नॅराबीनला खाडीमुखाजवळ गवत जास्त, तेथे पेडल उलटे दोन फेरे मारले की बहुतेक सुटते, सुरी लागत नाही."